हलकी गाडी, जबर एंजिन

मोटारगाडी म्हणजे कारखान्यांतूनच तयार होऊन बाहेर पडावयाची वस्तु, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु इंग्लंडांत घरामागच्या लहानशा गराजांत, सुटीच्या दिवशीं, आपल्या हातानें मोटार बांधणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. सांगाडा, पत्रे, चाकें, सुकाणू असे सुटे भाग कारखाना धाडतो. जोडणी गिऱ्हाइकानें करावयाची.

या छंदाला हौसेइतकाच कराचाहि हातभार लागला. तयार मोटारीवर तिकडे भारी खरेदीकर असे. सुट्या भागांवर तो नसे. कॉलिन चॅपमन याच्या लोटस कंपनीनें १९५७ सालीं ‘सेव्हन’ नांवाची दोन आसनांची गाडी काढली, तेव्हां तिची करासह किंमत १,०३६ पौंड होती. तीच गाडी सुट्या भागांत घेतल्यास ५३६ पौंडांना मिळे. जवळजवळ निम्म्या किंमतींत मोटार मिळत असेल, तर शनिवार-रविवारचे श्रम कोणाला जड वाटतील? १९७३ सालीं तो कर रद्द झाला आणि त्याच वर्षीं सेव्हनचे हक्कहि केटरहॅम येथील विक्रेत्यांकडे गेले. छंद मात्र कराबरोबर गेला नाहीं.

चॅपमनचें सारें कौशल्य हलकेपणांत होतें. सेव्हनचें वजन अर्ध्या टनाच्या आंत असे. त्यामुळें फोर्डचें अवघ्या ४० अश्वशक्तीचें एंजिनहि तिला चपळपणें पळवी. पण मनुष्याचें मन चाळिसांवर समाधान मानीत नाहीं. एवढीशी गाडी ४० घोड्यांनीं इतकी धांवते, तर दीडशें घोडे जुंपले तर काय होईल, हा विचार बांधणाराच्या मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

अशांच्या हातीं रोव्हरचें आठ नळकांड्यांचें एंजिन आयतेंच आलें. मूळ अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीचें हें एंजिन रोव्हरनें १९६७ पासून आपल्या मोटारींत बसविलें. तें साडेतीन लिटरांचें असून ॲल्युमिनिअमचें असल्यानें आकाराच्या मानानें हलकें होतें. १९७६ सालच्या रोव्हर गाडींत त्याची शक्ति १५५ अश्वशक्ति होती. मोडींत निघालेल्या गाड्यांतून तें काढून घेऊन घरबांधणीच्या मोटारींत बसविण्याची चाल पडली.

आतां येथें थोडा हिशेब करावयास हवा. वेग वाढला कीं हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाप्रमाणें वाढते. म्हणून अश्वशक्ति ४० वरून १५५ वर, म्हणजे जवळजवळ चौपट नेली, तरी गाडीचा कमाल वेग ढोबळ मानानें दीडपटीहून थोडाच अधिक होतो. परंतु धांवत्या गाडीच्या अंगची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यानें, त्या वेगावरून गाडी थांबवितांना ब्रेकांना जवळजवळ अडीचपट उष्णता जिरवावी लागते. ब्रेक मात्र ४० अश्वशक्तीच्या बेतानेंच घातलेले असतात.

ब्रेकांची गोष्ट झाली. बाकीच्या गाडीचेंहि तसेंच आहे. एंजिनाचा पीळ क्लच, गिअरपेटी, लांब दांडा आणि मागचा आंस या वाटेनें चाकांपर्यंत पोंचतो. एंजिन बदललें आणि वाट तीच ठेवली, तर जेथें अशक्तपणा असेल तेथें तो पीळ फुटून बाहेर पडतो. गाडीच्या हलकेपणाचीहि दुसरी बाजू आहे. टायर रस्त्याला धरतो तो आपल्यावरील भाराच्या मानानें. मागच्या चाकांवर भारच थोडा असेल, तर ओल्या रस्त्यावर पायाखालचें पेडल थोडें अधिक दाबतांच चाकें जागच्या जागीं गरगरतात व गाडी आडवी होते. शिवाय रुंद एंजिनामुळें सुकाणूच्या दांड्याला जागा अपुरी पडते, धुराड्याची नळी पायांशीं तापते आणि लहान रेडिएटर पुरा पडत नाहीं.

नामांकित कारखान्यांचीहि यांतून सुटका झाली नाहीं. १९५९ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्यांपैकीं एक, कॅरोल शेल्बी या अमेरिकन गृहस्थाच्या सूचनेवरून इंग्लंडांतील ए. सी. कंपनीनें १९६२ सालीं आपल्या नाजूक ‘एस’ गाडींत फोर्डचें सव्वाचार लिटरांचें एंजिन घातलें. हीच ती प्रसिद्ध ‘कोब्रा’. त्यासाठीं मागच्या आंसाची दांतेरी पेटी अधिक भक्कम घ्यावी लागली, सुकाणूची रचनाहि लवकरच बदलली. पुढें १९६५ सालीं सात लिटरांचें एंजिन घालावयाचें ठरलें, तेव्हां नुसत्या डागडुजीनें भागेना. सांगाड्याच्या मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या त्या चार इंचांच्या कराव्या लागल्या आणि पट्ट्यांच्या कमानींऐवजीं गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. एंजिन वाढलें, म्हणून गाडीच नव्यानें आंखावी लागली.

मूळ कोब्रा हजाराच्या आसपासच निघाल्या. तिच्या नकला मात्र आजहि घरोघरच्या गराजांत बांधल्या जातात. कारखान्यापाशीं निष्णात मंडळी असतात, चांचणीचे चालक असतात. घरीं बांधणारा एकटाच आंखणारा, जोडणारा आणि हांकणारा असतो. त्याची चूक त्याच्याच वांट्याला येते, आणि शेजारच्या आसनावर बसणाराच्याहि. ब्रिटिश सरकार अशा गाडीची स्वतंत्र परीक्षा घेतें तें याचसाठीं. त्या परीक्षेंत ब्रेक, सुकाणू, दिवे, आवाज, इतकेंच काय, हाताला लागणाऱ्या धारदार कडासुद्धां तपासल्या जातात.

समजूतदार बांधणारा म्हणूनच कामाचा क्रम उलटा धरतो. आधीं ब्रेक, मग आंस, मग सांगाडा, आणि या सर्वांस जेवढें पेलेल तेवढेंच एंजिन. त्याची गाडी रस्त्यावर येण्यास एखादें वर्ष अधिक लागत असेल. पण पहिल्या फेरीला घरच्या माणसांना शेजारीं बसवितांना त्याच्या मनांत धाकधूक नसते.