द्राक्षबागेतला उष्णतेचा हिशेब

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, माल कधी निघणार? चार-साडेचार महिन्यांनी, असं आपण सांगून टाकतो. पण थंडी मुक्कामाला आली की हा वायदा हुकतो.

दिवसांऐवजी उष्णता मोजावी, ही कल्पना रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १७३५ सालची. त्यानं रोजच्या तापमानाची बेरीज केली आणि पीक तयार व्हायला दरसाल साधारण तेवढीच उष्णता लागते, असं मांडलं. पुढे १९४४ मध्ये अमेरीन आणि विंकलर यांनी याच बेरजेवरून कॅलिफोर्नियातल्या द्राक्षपट्ट्याचे पाच विभाग पाडले. आज संगणकावर चालणाऱ्या मोठमोठ्या पीक-प्रारूपांच्या पोटातही ही बेरीज असतेच.

हिशेब वहीत करता येतो. कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची, त्यातून १० अंश वजा करायचे, कारण त्याखाली द्राक्षवेलीची वाढ जवळपास थांबते. दुपारी ३० आणि पहाटे १४ असेल तर सरासरी २२, म्हणजे खात्यात १२ अंश-दिवस जमा. कडाक्याच्या थंडीत दुपारी २६ आणि पहाटे ६ असेल तर जमा फक्त ६. तो दिवस अर्धाच भरला! मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून गोडीला लागायला, उशीर का झाला, हे अशा पंधरवड्याची बेरीज केली की लगेच कळतं.

मात्र मालाची प्रत विचारली की हे गणित अडखळतं. एके दिवशी कमाल ३० आणि किमान १०, दुसऱ्या दिवशी कमाल २४ आणि किमान १६. दोन्हींची सरासरी २०, जमाही सारखीच. वेलीला मात्र हे दिवस सारखे नाहीत. पाणी उतरताना दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली, तर थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. हीच ती पिंक बेरी. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला तर गोडी १८ ब्रिक्स दाखवेल, चवीलाही मणी चांगला लागेल, तरी निर्यातीच्या पेटीतून घड बाजूला पडतो.

म्हणून आपल्याकडे घडांना कागद गुंडाळतात. जुनी वर्तमानपत्रंसुद्धा चालतात. गंमत अशी की बागेतलं हवामान यंत्र बाहेरच्या हवेचं तापमान नोंदवतं आणि घड कागदाच्या आतल्या हवेत वाढतो. प्रारूपाला त्या कागदाची खबरच नसते. ती खबर द्यायची तर एखादा तापमापक घडाजवळ, कागदाच्या आत ठेवावा लागेल.

यंदा वहीत एवढं करा. छाटणीची तारीख, पाणी उतरल्याची तारीख आणि रोजचं कमाल-किमान लिहा. बेरजेशेजारी कमाल-किमानातल्या फरकाचा वेगळा रकाना ठेवा. काढणीची तारीख बेरीज सांगेल. कागद कधी लावायचा, ते त्या दुसऱ्या रकान्यात बघा.