इंग्रजी क्रियापदाचे काळ
(सावेडी येथें दिलेलें व्याख्यान)



आधीं आमच्या घरची फजिती सांगतों. कांदा विकल्यावर आडत्याची इंग्रजी चिठ्ठी आली. आम्हीं आंकडा आणि 'पे' एवढेंच ओळखलें, पैसे बँकेंत भरले असें समजलों, आणि त्या भरंवशावर बियाणें उधार आणलें. संध्याकाळीं मुलीनें चिठ्ठी वाचली. त्यांत 'विल पे' होतें. पैसे दिले नव्हते, पुढें देणार होते! एका 'विल'नें आमच्या डोक्यावर उधारी बसविली.

तेव्हां काळ ओळखणें हें पंडितांचें नव्हे, आपल्या पोटाचें काम आहे. मराठींत काळ क्रियापदाच्या शेपटींत असतो: देतो, दिले, देईल. इंग्रजींत तो पुष्कळदां पुढें चालणाऱ्या शब्दांत असतो. 'पेड' म्हणजे दिले. 'हॅव पेड' म्हणजे दिले आहेत. 'हॅड पेड' म्हणजे त्यापूर्वींच दिले होते. 'विल पे' म्हणजे देईन. म्हणून कागद हातीं आला कीं क्रियापदाच्या आधींचा शब्द पाहावा.

आपण अडखळतों तें कोठें? 'काल पैसे दिले आहेत' हें मराठींत चालतें. इंग्रजींत 'यस्टर्डे' आलें कीं 'हॅव' जातें, नुसतें 'पेड' राहतें. घरांत बसूनच आपण 'आलों, आलों' म्हणतों. त्याचें 'आय केम' केलें तर ऐकणारा दाराकडे पाहील. तेथें 'आय ॲम कमिंग' म्हणावें. वाक्प्रचारही शब्दशः नेऊं नये. आपला पाऊस मुसळधार पडतो, म्हणून आभाळांतून मुसळें पडत नाहींत. इंग्रजांच्या पावसांत कुत्रीं-मांजरें पडतात, तींही तशींच!

हें आपल्याला जमेल काय, असें कोणी विचारील. सावेडी ज्या नगराला लागून वाढली, त्याच नगरांत फॅरारबाईंनीं १८३९ पासून मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनीं शिक्षिकेचे धडे त्यांच्याच शाळेंत घेतले. माळ्याच्या घरची सून तेव्हां शिकली. आतां तर २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पुस्तक आपल्या घरांतच पडलेलें असतें.

म्हणून एवढें करा. रोज जेवणानंतर घरचें एक वाक्य घ्या, 'आम्ही कांदा विकतों' असें, आणि तें मुलाकडून, मुलीकडूनही, तिन्ही काळांत म्हणवून घ्या. स्वतःही म्हणा. चुकलें तर हंसूं नका. आणि 'विल' कोठें आहे हें पाहिल्यावांचून उधारीचें बियाणें घरांत आणूं नका.