रेशमी दोरा निवडताना



लग्नसराई जवळ आली की गावोगावच्या शिंप्यांकडे आणि घरोघरच्या शिवणयंत्रांवर रेशमी कापडांची गर्दी होते. कापड महागाचे असते, म्हणून ते चार दुकाने फिरून, हातात घेऊन, उजेडात धरून घेतले जाते. दोऱ्याचे मात्र तसे होत नाही. "ह्या रंगाचं एक रीळ द्या हो," एवढे म्हटले की काम झाले. मग पहिल्या दोन-चार धुण्यांतच कळते की काही तरी चुकले. कुठे टीप उसवते, कुठे दोऱ्याचा रंग कापडावर उतरतो, तर कुठे दोरा शाबूत राहून कापडच शिवणीच्या रेषेवर फाटते. दोऱ्याचे चार पैसे आणि कापडाचे हजार रुपये. पण त्या चार पैशांवर हजारांचे आयुष्य टांगलेले असते.

आजच्या बोलण्याचे सार आधीच सांगून टाकतो. रेशमी दोरा घेताना रंग सर्वांत शेवटी पाहावा. दोरा कशाचा आहे, त्याला पीळ कसा आहे आणि तो कोणत्या कामावर जायचा आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली की रंगाची निवड सोपी होते.

हे सांगायला मी नवेगाव बांधचे नाव मुद्दाम घेतो. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे गाव. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला इथला तलाव आपल्याला ठाऊक आहे. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले इथले जंगलही ठाऊक आहे. पण ह्या मुलखात पाणी आणि जंगल ह्या दोहोंवर हात चालवणारा एक समाज आहे, तो म्हणजे ढिवर. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली ह्या पट्ट्यात ढिवर बांधव तलावात जाळे टाकतात आणि जंगलात येनाच्या झाडांवर कोशाचे किडेही पाळतात. पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात, तोच आपला येन. म्हणजे ज्या रेशमासाठी आपण शहराच्या दुकानात जातो, त्यातले एक रेशीम आपल्याच पानावर तयार होते.

आता पहिला प्रश्न: दोरा कशाचा?

आपल्याकडे मुख्यतः दोन रेशमे भेटतात. एक तुतीचे. तुतीचा पाला खाणारा किडा घरात, ताटव्यात वाढतो. त्याचा तंतू बारीक, पांढरा किंवा पिवळसर असतो आणि एका कोशातून तो साधारण हजार मीटर किंवा त्याहूनही अधिक निघतो. दुसरे कोशाचे, म्हणजे टसर. हा किडा उघड्यावर, येन किंवा अर्जुनाच्या झाडावर वाढतो. पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या ह्यांच्यापासून त्याला जपावे लागते. पुरते वाढल्यावर तो फांदीला देठाने लटकणारा, टणक कोसा बांधतो. त्याचा तंतू जाडसर, चपटा आणि जात्याच मधासारखा किंवा गव्हाळ रंगाचा असतो.

हा कोसा किती चिवट? १८३०च्या दशकात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या ह्या रेशमाची माहिती लिहून ठेवली. कोशाची गोल गोल कापून काढलेली पट्टी तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला आवळण्यासाठी इथले लोक वापरत, असे त्यात नोंदले आहे. चामड्याच्या वादीचे काम कोसा करीत होता!

ह्या दोन रेशमांचा स्वभाव निराळा, म्हणून त्यांचा रंगही निराळा. तुतीचे रेशीम पांढरे असल्यामुळे त्याच्यावर कोणताही रंग, अगदी फिका गुलाबी किंवा आकाशी, स्वच्छ उठतो. कोशाच्या अंगचा गव्हाळ रंग मात्र सहजी जात नाही. त्याच्यावर फिका निळा चढवायला जाल, तर तो मळकट हिरवट दिसेल. मात्र मरून, हळदी, विटकरी, गर्द हिरवा हे रंग कोशावर असे खुलतात की तुतीचे रेशीम त्यांच्यापुढे कोरे वाटावे. आपल्या मोहाडी-आंधळगावच्या विणकरांची करवतकाठी साडी डोळ्यांपुढे आणा. अंग कोशाचे, त्याच्या नैसर्गिक रंगात राखलेले, आणि करवतीच्या दात्यांचे काठ मात्र रंगीत, वेगळ्या सुताचे. ज्या धाग्यावर जो रंग शोभतो, तिथेच तो द्यावा, हे आपल्या विणकरांनी कधीच ओळखले होते.

ह्या दोन खऱ्या रेशमांखेरीज बाजारात तिसरे एक 'रेशीम' भेटते. रिळावर किंवा कापडावर 'आर्ट सिल्क' लिहिलेले असते. आपण समजतो, कलाकुसरीचे रेशीम. तसे नाही. 'आर्ट' हे तिथे 'आर्टिफिशियल' ह्या शब्दाचे आखूड रूप आहे, अर्थ, कृत्रिम. तो बहुधा लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉन असतो. चकाकी भरपूर, पण ओला झाला की निम्मे बळ गमावतो. कृत्रिम म्हणून तो वाईट, असे माझे म्हणणे नाही. भरतकामाला तो चालतो. पण रेशमाच्या भावाने तो घेऊ नये.

ओळखायचे कसे? दोऱ्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. खरे रेशीम केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की फार वेळ जळत नाही आणि मागे काळी, बोटाने चुरडणारी राख राहते. रेयॉन कागदासारखा भरभर जळतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात, आणि निवल्यावर कडक गोळी बनते. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर दाखवावा. मात्र पाण्याची वाटी शेजारी ठेवावी, आणि वितळता थेंब मुलांच्या हातावर पडणार नाही, एवढे पाहावे. विकत घेताना जाळून पाहता येत नाही, तिथे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झालेली 'सिल्क मार्क'ची खूण पाहावी. ती खूण शुद्ध रेशमाची ग्वाही देते.

दुसरा प्रश्न, पीळ आणि जाडी.

दोऱ्याचे टोक दोन बोटांत धरून उलटे फिरवा. पदर मोकळे होतील. शिवणाचा चांगला दोरा बहुधा तिपदरी असतो आणि त्याचा पीळ घट्ट, सारखा असतो. भरतकामाची रेशमी लड मात्र सैल पिळाची असते, कारण तिथे पदर पसरून चमकायला हवेत. त्या लडीने ब्लाउजची बाही जोडाल तर ती टिकणार नाही. शिवणाच्या पीळदार दोऱ्याने फूल भराल तर ते पाकळीसारखे दिसणार नाही, सुतळीसारखे दिसेल. आता दोऱ्याची एक वाव उजेडात ताणून धरा आणि नजर फिरवा. कुठे गाठ, कुठे गुठळी, कुठे बारीक झालेली जागा दिसली, तर तो दोरा यंत्राच्या सुईत अडणार हे नक्की.

आपल्याकडे हाताने काढलेल्या कोशाच्या सुताबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. पाखरू फोडून बाहेर पडलेल्या कोशांपासून जे सूत ओढतात, त्याला घिचा म्हणतात. तो जाडाभरडा, पीळ नसलेला असतो. विणकामात त्याची खरबरीत शोभा फार मोठी. पण शिवणयंत्रावर त्याचे काम नाही. जाड सुईने कशिदा काढायला मात्र तो उत्तम.

तिसरा प्रश्न, काम कोणते.

इथे जुना नियम ध्यानात ठेवावा: दोरा कापडापेक्षा किंचित कमजोर असावा. आपल्याला वाटते, जितका बळकट दोरा तितके बरे. पण मऊ रेशमी कापडाला पॉलिएस्टरचा कडक दोरा घातला, आणि ओढ बसली, तर दोरा तुटत नाही. तो कापडाला कापत जातो. उसवलेली शीव पुन्हा घालता येते, फाटलेले रेशीम जोडता येत नाही. म्हणून रेशमाला रेशीम. हातशिलाईसाठी दोरा हातभरच घ्यावा, लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन पिंजतो. रिळावरून जे टोक आधी सुटते, तेच सुईत ओवावे. आणि मोहोळाच्या मेणावरून दोरा एकदा ओढून घ्यावा, म्हणजे गुंता होत नाही. मेण मिळवायला नवेगावकरांना दूर जायला नको!

आता या रंगाकडे.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. दिव्यात जुळलेले दोन रंग उन्हात भाऊ-भाऊ न राहता परके होतात. रीळ आणि कापडाचा तुकडा घेऊन दुकानाच्या पायरीवर या. पण रीळच्या रीळ कापडावर ठेवून फसू नका. गुंडाळलेला दोरा गडद दिसतो. एक पदर सोडवून कापडावर आडवा टाका, मग उभा टाका. रेशमाची चमक दिशेप्रमाणे बदलते, म्हणून दोन्हीकडून पाहायचे. अगदी तोच रंग मिळाला नाही, तर एक छटा गडद घ्यावी. गडद दोरा कापडात बुडतो, फिका वर उठून दिसतो. छापील कापडाला जमिनीच्या रंगाचा दोरा घ्यावा. आणि लागेल तेवढा दोरा एकदमच घ्यावा, कारण रंगाऱ्याच्या दोन खेपा कधी तंतोतंत सारख्या उतरत नाहीत.

रंग पक्का की कच्चा, हे पाहायला पांढरी सुती चिंधी ओली करून दोऱ्यावर घासा. चिंधीला रंग लागला तर तो दोरा पांढऱ्या कापडाला लावू नये. लाल आणि काळा ह्या दोघांवर विशेष लक्ष ठेवावे.

आणखी एक युक्ती मासे धरणाऱ्यांकडून शिकण्यासारखी आहे. आपले ढिवर बांधव जाळे आणि गळ वापरतात. इंग्लंड-स्कॉटलंडकडे मात्र वाहत्या थंड नद्यांत ट्राउट मासा धरायला गळाच्या आकड्यावर रेशीम आणि पाखरांची पिसे बांधून खोटी माशी करतात. रेशमाचा रंग पाण्यात गडद होतो, हे त्या कारागिरांना ठाऊक असते. म्हणून ते दोरा ओला करून मगच रंग ठरवतात. कोणी आकड्याच्या दांडीला आधी पांढरा रंग देतात, म्हणजे वरचे रेशीम भिजूनही उजळ राहते. धागा जिथे नांदायचा तिथला रंग पाहावा, हे त्यातले शहाणपण. आपणही भरतकामाआधी दोऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. वाळल्यावर रंग पूर्ववत झाला, कडेला डाग उमटला नाही, तर दोरा खुशाल घ्यावा.

मासा आणि रेशीम ह्यांचे नाते तर ह्याहूनही जवळचे होते. स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतात कोसा बांधायला आलेले किडे व्हिनेगरमध्ये बुडवून त्यांच्या पोटातली रेशमाची ग्रंथी ताणून काढीत. वाळली की ती पारदर्शक, चिवट तार होई, आणि तीच गळाला लावीत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले, आणि पुढे तो धंदा मावळला. आपल्या तलावांवरची जाळीही सुताची जाऊन नायलॉनची झाली.

घरी दोरा रंगवू पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग केला. त्याआधी सारे रंग झाडापानांतून, किड्यांतून आणि खनिजांतून येत. पळसाची फुले पिवळा-नारिंगी रंग देतात. लाखेचा किडा तुरटीच्या जोडीने सुंदर किरमिजी देतो. हिरड्याच्या तुरटपणाला लोखंड भेटले की रंग काळवंडतो, म्हणून रंगकामाला लोखंडी कढई वापरू नये. रंगवलेला दोरा सोड्याने धुऊ नये. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावा, पिळू नये आणि सावलीत वाळवावा. कडक ऊन रंगालाही खाते, रेशमालाही खाते.

शेवटी ज्यांच्या हातून हा धागा निघतो त्यांच्याविषयी. कोशाचे सूत काढण्याची जुनी रीत अशी की बाई चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढते आणि उघड्या मांडीवर हाताने पीळ देत जाते. दिवसभराच्या घर्षणाने मांडीची कातडी सोलवटते. ही रीत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे सूतकाढणी यंत्र पुढे आणले, आणि २०१९ पासून ते टसर पिकवणाऱ्या राज्यांतल्या बायांना देण्याची मोहीम झाली. यंत्रावरचे सूत अधिक सारखे निघते आणि शरीरही वाचते.

पण नुसते यंत्र देऊन भागत नाही. धाग्याला गिऱ्हाईकही जाणते हवे. कोशाकोशाच्या गव्हाळ रंगात फरक असतो. तो दोष नव्हे. ती झाडाची, हंगामाची आणि किड्याच्या जातीची खूण आहे. जो खरेदीदार हे जाणत नाही, तो अस्सल कोशाला 'डागी' म्हणून भाव पाडून मागतो आणि चकचकीत रेयॉनला रेशमाचे पैसे मोजून येतो. दोन्हीकडून नुकसान आपल्याच माणसांचे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत एका पुठ्ठ्यावर पाच दोरे लावा: तुतीचे रेशीम, कोसा, सूत, रेयॉन आणि पॉलिएस्टर. प्रत्येकाखाली मुलांनीच लिहावे, हाताला कसा लागला, जळताना वास कसा आला, भिजल्यावर रंग कसा झाला. आसपास कोसा पिकवणारे कुटुंब असेल तर त्यांना शाळेत बोलवा, आणि येनाच्या फांदीवरचा कोसा त्यांच्याच तोंडून समजून घ्या. ज्या पोराचा बाप किंवा आजी हे काम करते, त्याला त्या दिवशी वर्गात मान ताठ करून बसता येईल.

आणि माझ्या बहिणींनो, पुढच्या वेळी रीळ घ्यायला जाल तेव्हा दुकानाच्या पायरीवर या, एक पदर सोडवा, त्याला जरा उलटा पीळ द्या, आणि मगच पैसे मोजा.