स्वमग्न की ध्यासमग्न?
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)

इंग्रजीतील ‘ऑटिझम’ला मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. आपल्या प्रवचनांतून स्वतःच्या आत्म्यात मग्न होणे ही साधनेची उंची मानली जाते. व्यवहारात मात्र ‘स्वमग्न’ म्हटले की स्वतःपुरते पाहणारा, जगाशी देणेघेणे नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ज्यांच्यासाठी हा शब्द योजिला, त्यांना यांपैकी कोणताच अर्थ नीट लागू पडत नाही, असे माझे नम्र मत आहे. त्यांच्यातील काहीजण आयुष्यभर बोलू शकत नाहीत. जे बोलतात, त्यांतील अनेकांना एखाद्या विषयाचा विलक्षण ध्यास असतो, आणि तो ध्यास व्यासपीठावर आला की श्रोते त्याचा भलताच अर्थ लावतात.

स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्ग या कन्येचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. तिचा जन्म 2003 चा. आठव्या वर्षी तिने हवामानबदलाविषयी प्रथम ऐकले. इतर मुले ऐकतात आणि खेळायला जातात. हिच्या मनातून ते जाईना. अकराव्या वर्षी तिने बोलणे आणि जेवणही जवळजवळ सोडले. आपल्याला अ‍ॅस्पर्जर म्हणजे स्वमग्नतेचाच एक प्रकार आहे, आणि आवश्यक वाटेल तेव्हाच आपण बोलतो, हे तिनेच पुढे जाहीर भाषणात सांगितले. ऑगस्ट 2018 मध्ये ती एकटीच स्वीडिश संसदेबाहेर फलक घेऊन बसली.

23 सप्टेंबर 2019 रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदेत तिने जेमतेम पाच मिनिटांचे भाषण केले. डोळ्यांत पाणी, ओठ थरथरणारे, स्वर कठोर. जगाच्या लक्षात राहिला तो तिचा संताप. डोनाल्ड ट्रम्प यांनी तिच्या चेहऱ्यावरून उपरोधिक शेरा मारला. एका अमेरिकी दूरचित्रवाहिनीवरील पाहुण्याने तिला मनोरुग्ण म्हटले, आणि त्या वाहिनीला क्षमा मागावी लागली. कोणी तिला उद्धट म्हटले, कोणी दुसऱ्याने पढवलेली पोपटपंची.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जन्माचा व्यापारी. माझे लक्ष आकड्यांकडे जाते. त्या पाच मिनिटांत तिने जगापुढे चक्क शिलकेचा हिशोब मांडला होता. तापमानवाढ दीड अंशाच्या आत राखण्याची 67 टक्के शक्यता हवी असेल, तर 1 जानेवारी 2018 रोजी जगाच्या खाती 420 गीगाटन, म्हणजे 42 हजार कोटी टन, कार्बन डायऑक्साइड शिल्लक होता. भाषणाच्या दिवशी ती शिलक 350 गीगाटनांच्याही खाली आली होती. पावणेदोन वर्षांत भांडवलाचा सहावा हिस्सा संपला! पेढीवर मुनीमजी असा हिशोब घेऊन आले, तर आपण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू की वहीकडे? त्याआधी पाचच दिवस अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तिने आपली साक्ष म्हणून शास्त्रज्ञांचा अहवालच सादर केला आणि माझे नव्हे, त्यांचे ऐका, अशी विनंती केली. हिला स्वमग्न कसे म्हणावे?

या गैरसमजाचा अभ्यासही झालेला आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात स्वमग्न व्यक्तींच्या बोलण्याच्या छोट्या चित्रफिती इतरांना दाखविल्या गेल्या. काही क्षणांतच पाहणाऱ्यांचे मत प्रतिकूल झाले. मात्र तेच बोलणे नुसते कागदावर वाचायला दिले, तेव्हा तो प्रतिकूल भाव उरला नाही. म्हणजे शब्दांत काही उणे नव्हते! स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्येच लिहिले होते, की समजून घेण्यातील ही अडचण दोन्ही बाजूंची असते. आपण मात्र ती नेहमी त्यांच्याच खाती टाकतो.

कापडाच्या व्यवसायात माझी चाळीस वर्षे गेली. भरपूर खळ दिलेला तागा फळीवर झोकात दिसतो, आणि पहिल्या धुण्यात खळ निघून जाते. जाणते गिऱ्हाईक कापड उजेडासमोर धरून त्याची वीण पाहते. ग्रेटाच्या बोलण्यात खळ नाही, एवढेच.

हे सारे आज येथे सांगण्याचे कारण आहे. अशी मुले-मुली आपल्या समाजाच्या घरांतही आहेत. त्यांचे आईवडील कार्यक्रमाला येतात ते मागच्या रांगेत, दाराजवळ बसतात. मूल मोठ्याने बोलू लागले तर पटकन बाहेर नेता यावे म्हणून. पर्युषण पर्वात आपण मुलांची वक्तृत्व स्पर्धा घेतो. तेथे हावभाव, आवाजातील चढउतार आणि श्रोत्यांशी नजरभेट यांना वेगळे गुण आहेत. जे मूल खाली पाहत, एकाच सुरात, पण तीर्थंकरांची चोवीस लांछने वा एखाद्या शिलालेखाचा तपशील अचूक सांगते, त्याचे गुण तेथेच कापले जातात. विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे, की येत्या वर्षापासून परीक्षकांनी प्रत्येक भाषणाची लेखी प्रत आधी वाचून आशयाचे गुण द्यावेत, ऐकणे नंतर. ज्याला हातात कागद हवा, त्याला तो घेऊ द्यावा; ज्याला भिंतीकडे तोंड करून बोलायचे असेल, त्याला तसे बोलू द्यावे. आणि पहिल्या रांगेतील दोन खुर्च्या त्या मागच्या दाराजवळच्या कुटुंबांसाठी राखून ठेवाव्यात. लेखी प्रतींच्या छपाईचा खर्च आमची पेढी करील.