रस्ता, बाग आणि ऑगस्ट महिना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘आपला परिसर’ हा विषय दिला आहे. सगळी नोकरी बँकेत झाल्यामुळे परिसराकडेही मी खातेवहीच्या नजरेनेच बघतो. तेव्हा फाटकाबाहेरचा रस्ता आणि कोपऱ्यावरची बाग सुधारायला पैसा कुठून येतो आणि तो कधी मागायचा, एवढंच सांगतो.

आधी पैसा. आपण भरतो तो मिळकतकर, बांधकाम परवानग्यांमधून येणारं विकास शुल्क आणि शासनाकडून मिळणारं जीएसटीचं अनुदान, हे पुणे महापालिकेचे उत्पन्नाचे मोठे मार्ग. पूर्वी जकात होती, मग एलबीटी आला, 2017 पासून जीएसटी आहे. यातून पगार, वीज, कचरा असा महसुली खर्च आधी भागवायचा. रस्ते-बागांची नवी कामं ही भांडवली खर्चात येतात, त्यांचा नंबर नंतर.

कर्जही काढता येतं. जून 2017 मध्ये पालिकेने 200 कोटींचे कर्जरोखे काढले. व्याज 7.59 टक्के, मुदत दहा वर्षं, काम पाणीपुरवठ्याचं. बँकवाल्याच्या दृष्टीने हा हिशोब बरोबर आहे. जलवाहिनी कर्ज फिटल्यावरही पाणी देत राहते. खड्डे बुजवायला असं कर्ज काढलं, तर खड्डा पुन्हा पडेल आणि हप्ता मात्र चालूच राहील!

आता महिना. पालिकेचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, पण त्याच्या अंदाजपत्रकाची तयारी आदल्या पावसाळ्यातच सुरू होते. मार्चमध्ये अर्ज घेऊन गेलं, तर साहेब नीट ऐकून घेतील, पण तरतूदच नसेल तर तेही काय करणार? मग दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवायचे. त्याला पालिकेच्या भाषेत ‘वर्गीकरण’ म्हणतात. म्हणजे आपलं काम झालं, तरी दुसऱ्या कोणाचं तरी राहिलं.

तरतूद झाली म्हणजे काम झालं, असंही नाही. पूर्वगणनपत्रक, निविदा, कार्यादेश अशा पायऱ्या असतात. मधे निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी कामं थांबतात. पावसाळ्यात डांबरीकरण होत नाही. आणि ड्रेनेज, पाण्याची लाईन, केबल हे सगळं आधी उरकून मगच वरचा थर टाकायला हवा. म्हणून रस्ता मागताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या रस्त्याखाली अजून काय घालायचं शिल्लक आहे?

पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात. एका कामाला 5 लाखांपर्यंतची मर्यादा असते. पदपथ, बाक, दिवे अशी छोटी कामं त्यात बसतात. मात्र जागा सार्वजनिक हवी. आपला आतला रस्ता आणि मुलांची खेळायची जागा सोसायटीची आहे, तिथे आपलाच निधी. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आपण गोळा करतो, तो अशासाठीच.

हे सगळं आजच का सांगतोय? पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपल्यातले बरेच जण पन्नाशीच्या आत-बाहेर होते. आता सत्तरी ओलांडली. फाटकापासून बाग जवळ आहे, पण गुडघ्यांना ती लांब वाटते. काहींचं संध्याकाळचं फिरणं आता गॅलरीपुरतं उरलं आहे. वाटेत टेकायला दोन बाक आणि पदपथावर चढायला सोपा उतार झाला, तर ही मंडळी पुन्हा बागेत दिसतील. बाबागाडी ढकलणाऱ्या सुनांनाही तोच उतार उपयोगी पडेल. मोठा उड्डाणपूल आपण मागत नाही. हे काम 5 लाखांच्या आत बसणारं आहे.

माझी विनंती अशी. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, पण तोवर थांबलो तर अर्जाची मुदत निघून जाईल. म्हणून जुलैतच तिघांची एक छोटी समिती नेमा, त्यात एक तरी तरुण मुलगा किंवा मुलगी असू द्या. जागेचे फोटो काढा, फुटपट्टीने नव्हे, टेपने मोजमाप घ्या, नेमकं ठिकाण लिहा, अर्ज द्या आणि पोच घ्या. अंदाजपत्रक प्रसिद्ध झालं की आपलं काम त्यात आहे का ते शोधा. नसेल तर कारण विचारा आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा अर्ज द्या. काम झाल्यावर ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती, तेही लिहून ठेवा. त्या मुदतीत दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची असते.

तिसरं नाव म्हणून माझं लिहून घ्या. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. क्षेत्रीय कार्यालयाचे जिने मात्र तरुणांनी चढायचे.