एकसामयिक समीकरणे आणि शेअर बाजार



बँकेतून निवृत्त झाल्यावर मी क्वांटिटेटिव्ह फायनान्स, म्हणजे बाजारातल्या जोखमीचे गणित शिकायला घेतले. हे कळल्यापासून तुमच्यापैकी निम्मे विचारतात, "या वयात कशाला?" उरलेले विचारतात, "मग उद्या निफ्टी वर की खाली?" दोघांनाही आज उत्तर देतो.

आधी गणित. १०० रुपयांचा एक शेअर उद्या ११० होईल किंवा ९०, असे माना. तो उद्या १०० रुपयांनाच घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, आज केवढ्याला घ्यावा? शेअर चढला तर या हक्कातून १० रुपये मिळतील, पडला तर शून्य.

आता ऑप्शनऐवजी अर्धा शेअर घ्या आणि त्यासाठी ४५ रुपये कर्ज काढा. एका दिवसाचे व्याज सोडून देऊ. शेअर चढला तर ५५ वजा ४५, हाती १०. पडला तर ४५ वजा ४५, शून्य. म्हणजे ऑप्शनचेच आकडे! यासाठी खिशातून गेले ५० वजा ४५, म्हणजे ५ रुपये. तीच ऑप्शनची किंमत.

अर्धा आणि ४५ कुठून आले? ११०क्ष – य = १० आणि ९०क्ष – य = ०. सर, तुम्ही दहावीत फळ्यावर सोडवून घेतलेली एकसामयिक समीकरणेच ही!

गंमत अशी, की शेअर चढण्याची शक्यता किती, हे आपण विचारलेच नाही. किंमत ठरली ती हेलकाव्यावर. ११० आणि ९० ऐवजी १२० आणि ८० धरा, ५ चे १० होतात. घरी करून बघा.

हीच कल्पना क्षणाक्षणाला लावली की १९७३ चे ब्लॅक-शोल्स सूत्र मिळते. त्यासाठी जपानच्या कियोशी इतो यांचे कलनशास्त्र लागते. बारावीत आपण सूक्ष्म बदलाचा वर्ग नगण्य म्हणून सोडून द्यायचो. इथे भाव इतका थरथरतो की ते वर्ग साठत जातात, सोडता येत नाहीत. एवढे पचायला मला तीन महिने आणि चार वह्या लागल्या.

आता निफ्टी. तो कुठे जाणार, हे या गणितात नाही. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले. ते भागीदार असलेला एलटीसीएम हा फंड पुढच्याच वर्षी कोसळला. आपल्याकडे सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जण तोट्यात गेलेले दिसले. म्हणून हात जोडून सांगतो, प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा तिथे नेऊ नका. मुले नेत असतील तर वरचे उदाहरण त्यांच्याकडून आधी वहीत सोडवून घ्या. ज्याला ते सुटत नाही, तो किंमत न विचारता माल घेतो आहे.

आणि या वयात कशाला? बँकेत जोखमीचे कितीतरी अहवाल हातांखालून गेले. त्यातला आकडा कसा येतो, ते स्वतः मांडून बघायचे राहिले होते. आता वेळ आहे आणि पाया तुम्हा गुरुजनांनी मराठीतून पक्का करून दिलेला आहे. कुणाला सोबत शिकायचे असेल तर वही घेऊन या, चहा माझ्याकडे.