ठेवणींतलें पान

दिवाळीच्या फराळाचा डबा भरलेला असला म्हणजे दारीं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठीं गृहिणीस चूल पेटवावी लागत नाहीं. डब्यांतला लाडू कोणाच्याहि हातावर ठेवतां येतो. परंतु त्याच घरांत वैद्यानें एका आजाऱ्यासाठीं सांगितलेला काढा उकळत असेल, तर तो दुसऱ्या कोणास देऊन चालत नाहीं. इंटरनेटवरील संकेतस्थळांचा कारभारहि याच विवेकावर उभा आहे.

पान मागणाऱ्या प्रत्येकासाठीं मूळ यंत्रानें तें नव्यानें सिद्ध करावयाचें म्हटलें, तर गर्दीच्या वेळीं त्याचा दम तुटेल. म्हणून एकदां तयार झालेल्या पानाची प्रत वाटेवरच्या यंत्रांत ठेवतात व पुढच्यांना तीच देतात. या ठेवणीस इंग्रजींत 'कॅश' म्हणतात. रोकड या अर्थाचा शब्द निराळा, उच्चार मात्र एकच.

प्रत किती वेळ ठेवावी व कोणास द्यावी, हें सांगण्याची सोय १९९७ सालच्या एचटीटीपी १.१ या नियमावलीनें करून दिली. पानासोबत 'कॅश-कंट्रोल' नांवाची ओळ जाते. तींत 'मॅक्स-एज' म्हणून सेकंदांचा आंकडा असतो. तेवढा काळ प्रत ताजी समजावी. 'प्रायव्हेट' असेल तर ती मागणाऱ्याच्या ब्राउझरनेंच ठेवावी, वाटेवरच्या सामाईक यंत्रानें नव्हे. 'नो-स्टोअर' असेल तर कोणींच ठेवूं नये. 'नो-कॅश' या शब्दानें मात्र पुष्कळांची फसगत होते: त्याचा अर्थ ठेवूं नका असा नसून, मूळ यंत्रास विचारल्यावांचून देऊं नका असा आहे.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, तें २५ डिसेंबर २०१५ रोजीं दिसून आलें. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या संगणक-खेळांच्या दुकानावर त्या नाताळांत खोट्या मागण्यांचा मारा झाला. कंपनीच्या निवेदनाप्रमाणें, विक्रीच्या हंगामांतील सरासरीपेक्षां वर्दळ २००० टक्क्यांनीं वाढली. मारा सोसण्यासाठीं ठेवणीचे नवे नियम बसविण्यांत आले. दुसऱ्या लाटेच्या वेळीं बसविलेल्या नियमांत चूक राहिली, आणि ओळख पटवून आंत आलेल्या ग्राहकांचीं खासगी पानेंहि सामाईक ठेवणींत पडलीं. सुमारें दीड तास एकाचें पान दुसऱ्यासमोर उघडत होतें. सुमारें ३४,००० ग्राहकांचीं पानें परक्यांच्या दृष्टीस पडलीं असण्याचा संभव कंपनीनें मान्य केला. कांहींवर घरचा पत्ता, ईमेल व खरेदीचा तपशील होता. पासवर्ड व क्रेडिट कार्डाचे पूर्ण क्रमांक त्यांत नव्हते, एवढेंच त्यांतल्या त्यांत समाधान.

श्रोत्यांच्या ध्यानांत येईल कीं, येथें यंत्र चुकलें नाहीं. त्यानें सांगितलें तेंच केलें. म्हणून संकेतस्थळ चालविणाऱ्यानें आपल्या पानांची आधींच वाटणी करावी. सर्वांना सारखीं दिसणारीं चित्रें वर्षभर ठेवावीं आणि बदल होतांच त्यांचें नांव बदलावें. खात्याच्या पानांवर 'नो-स्टोअर' लिहावें. नियम बदलल्यावर दोन निरनिराळ्या खात्यांतून तेंच पान मागून पाहावें. गर्दी लोटल्यावर विचारास सवड उरत नाहीं. कोणत्या भांड्यावर कोणाचें नांव, हें घर शांत असतांनाच लिहून ठेवलेलें बरें.